सहा तासांचे औषध, साठ दिवसांची मुदत

बँकेत उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला चक्रवाढ व्याज समजावून सांगावे लागत नाही. त्याला किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्यही समजावून सांगावे लागत नाही. कारण ते चक्रवाढ व्याजच असते, फक्त उलट्या दिशेने चालणारे. टेक्निशियम-९९एम नावाचा पदार्थ सकाळी सहा वाजता शंभर रुपयांचा असला तर दुपारी बाराला पन्नासांचा होतो, संध्याकाळी सहाला पंचविसांचा, मध्यरात्री साडेबारांचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा रुपये चार आण्यांचा. अशी ठेव कोणत्याही बँकेने घेतली नसती. पण जगभरच्या रुग्णालयांत अणुवैद्यकाच्या ज्या तपासण्या होतात, त्यांतल्या बहुसंख्य तपासण्या याच नाशवंत ठेवीवर चालतात. माणसाचे यकृत नुसते जागेवर आहे की काम करते आहे, हे पाहण्याची तपासणी त्यांतलीच एक.

या दोहोंत फरक आहे, आणि तो मी कर्जविभागात शिकलो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही गाईंसाठी कर्जे वाटत होतो. नंतर तपासणीला गावात जायचे. दारात गाय उभी असायची, कानाला बिल्लाही असायचा. पण ती कर्जदाराचीच आहे की शेजाऱ्याची तासाभरासाठी आणून बांधली आहे, हे गाय पाहून कळत नसे. ते कळायचे दूधसंस्थेच्या वहीत. रोज सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध पडले याची नोंद असली की गाय खरी. सोनोग्राफी म्हणजे दारातली गाय पाहणे. यकृत केवढे आहे, कुठे गाठ आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, हे ती उत्तम दाखवते. पण यकृताच्या पेशी रक्तातून काय उचलतात, त्याचे पित्त करून आतड्याकडे किती वेगाने पाठवतात, की मध्येच सगळे अडले आहे, हे कळायला दूधसंस्थेची वही लागते. ती वही म्हणजे ट्रेसर, अर्थात माग काढणारा पदार्थ. शरीराच्या व्यवहारात त्याची एक चिमूट सोडायची आणि ती कुठून कुठे जाते हे बाहेरून कॅमेऱ्याने पाहायचे.

ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्या जॉर्ज हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाची एक गोष्ट सांगतात. मँचेस्टरला रदरफर्डच्या हाताखाली काम करत असताना तो एका बाईच्या घरी जेवणाखाणासह राहत होता. रविवारचे उरलेले मांस ही बाई आठवडाभर वेगवेगळ्या रूपांत वाढते, असा त्याचा संशय. त्याने पानात उरलेल्या तुकड्यांवर किरणोत्सारी द्रव्याचा कण टाकला आणि काही दिवसांनी ताटात आलेल्या पदार्थावर उपकरण धरले. उपकरण बोलले. खानावळीत दिवस काढलेल्या कोणालाही या संशोधनाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे १९२३ साली हेवेशीने वनस्पती शिसे कसे शोषतात याचा माग किरणोत्सारी शिशाने काढला आणि १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला याच मागकाढ्या पद्धतीबद्दल मिळाले.

यकृतापर्यंत ही पद्धत पोहोचली १९५५ साली. अमेरिकेत जॉर्ज टॅपलिन यांनी रोज बेंगॉल नावाच्या गुलाबी रंगद्रव्याला किरणोत्सारी आयोडीन जोडले. यकृत हे द्रव्य रक्तातून उचलते आणि पित्तात टाकते. पण या आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, त्याचे किरणही अंगाला जास्त लागणारे. त्यामुळे मात्रा फारच थोडी द्यावी लागे आणि चित्र धूसर येई. टेक्निशियमने ही अडचण सोडवली. हे मूलद्रव्य १९३७ साली पालेर्मो येथे सेग्रे आणि पेरिए यांना सापडले, तेही अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमधून काढलेल्या मॉलिब्डेनमच्या टाकाऊ पट्टीत. त्याच्या ९९एम या रूपातून जवळजवळ निव्वळ गॅमा किरण निघतात, ते शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्याला दिसतात आणि सहा तासांत पदार्थ निम्मा होतो. डॉक्टरचे काम होते आणि रोग्याच्या अंगात फार काळ काही राहत नाही. नाशवंतपणा हाच त्याचा गुण.

प्रश्न उरला तो टेक्निशियमला यकृताच्या दारात नेऊन सोडणाऱ्या वाहकाचा. गंधकाच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून ते यकृतात नेता येत होते, पण ते कण यकृतातल्या सफाई कामगार पेशी गिळत आणि तिथेच बसून राहत. आकार दिसे, व्यवहार दिसत नसे. सोनोग्राफी आल्यावर आकारासाठी ही तपासणी करण्याचे कारण उरले नाही. व्यवहार दाखवणारा वाहक सापडला तो चुकून. १९७०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात लोबर्ग आणि त्यांचे सहकारी हृदयासाठी ट्रेसर शोधत होते. लिडोकेन हे हृदयावर चालणारे औषध, आपल्याला दात काढताना बधिरतेसाठी टोचतात तेच. त्याच्यासारख्या बांध्याच्या रेणूला टेक्निशियम जोडले. तो हृदयाकडे गेलाच नाही. सरळ यकृतात शिरला आणि पित्तातून बाहेर पडला. या रेणूचे नाव हायडा पडले आणि तपासणीला आजही डॉक्टर मंडळी ‘हायडा स्कॅन’ म्हणतात.

पण पहिल्या हायडाची एक खोड होती. कावीळ वाढली की तो काम करीनासा होई. कारण असे की पिवळेपणा आणणारे बिलिरुबिन आणि हा रेणू, दोघेही यकृताच्या पेशीत एकाच दाराने शिरतात. रक्तात बिलिरुबिन उदंड झाले की दारात गर्दी होते आणि ट्रेसर मूत्रपिंडाच्या वाटेने निघून जातो. म्हणजे ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच अंगात ती फसायची. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या कडीला इथे एक मिथिल गट, तिथे ब्रोमीनचा एक अणू असे जोडून पाहिले. यातून मेब्रोफेनिन निघाले. गर्दीतही धक्का मारून आत शिरणारे, मूत्रात अगदी थोडे जाणारे. नवा ट्रेसर घडवणे म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला सापडलेले नाही. किरणोत्सारी अणू तोच. त्याला कोणत्या गाडीत बसवायचे यावर वर्षानुवर्षे डोकेफोड.

आता ट्रॉम्बेकडे येऊ. आपल्या अणुकार्यक्रमाचे नाव काढले की लोकांना १९७४ आणि १९९८चे पोखरण आठवते. १९५६ सालच्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली ‘अप्सरा’ अणुभट्टी आठवली तरी तिच्यातून औषधे निघत हे आठवत नाही. परळला १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसमोरून कित्येक नगरकर टाटा रुग्णालयाच्या वाऱ्या करताना गेले असतील. आत काय चालते याची कल्पना त्यांतल्या फार थोड्यांना असेल. तिथे आणि ट्रॉम्बेच्या समस्थानिक विभागात जे काम झाले, ते गरिबीत संसार करणाऱ्या गृहिणीच्या कामासारखे होते.

टेक्निशियम सहा तासांत निम्मे होते म्हणून ते लांब पाठवता येत नाही. वाशीहून माळशेज घाटाने नगर गाठायचे तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. पावसाळ्यात दरड कोसळली नाही तर सहा तास धरा. शंभर निघाले, पन्नास पोहोचले. म्हणून पाठवायची ती त्याची आई, म्हणजे मॉलिब्डेनम-९९. तिचे अर्धायुष्य सहासष्ट तासांचे. तिच्यातून टेक्निशियम सतत जन्मत राहते आणि रोज सकाळी ते काढून घ्यायचे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र बनले आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्याला लाडाने ‘गाय’ म्हणू लागले. काढण्याच्या क्रियेला दोहणे. संकरित गाईंवर पोसलेल्या आमच्या जिल्ह्यात हे कोणालाही सांगावे, लगेच कळेल. दोहून झाल्यावर सहा तासांत निम्मी कास भरते, चोवीस तासांत जवळजवळ पूर्ण. आठवड्याने गाय आटत येते, मूळच्या सहाव्या हिश्शावर. मग नवी आणायची.

परदेशी गाय सुटसुटीत. ॲल्युमिनाच्या छोट्या नळकांड्यात मॉलिब्डेनम घट्ट चिकटलेले, वरून सलाईन ओतले की खालून टेक्निशियम. पण त्यासाठी युरेनियमच्या विखंडनातून काढलेले तेज मॉलिब्डेनम लागे आणि ते परकीय चलन मोजून आणावे लागे. आपल्या भट्टीत साधे मॉलिब्डेनम भाजून जे तयार होई ते पातळ पडे. दुधात पाणी जास्त. छोट्या नळकांड्यात ते मावत नसे. तेव्हा आपल्या लोकांनी दुसरी वाट धरली. मॉलिब्डेनमचे द्रावण बाटलीतून रुग्णालयाला पाठवायचे. तिथल्या तंत्रज्ञाने रोज सकाळी मिथिल इथिल कीटोन नावाचे उग्र वासाचे द्रावक त्यात घुसळायचे. टेक्निशियम त्या द्रावकात येते, मॉलिब्डेनम खालीच राहते. वरचा थर वेगळा काढायचा, द्रावक उडवून टाकायचे आणि उरलेले सलाईनमध्ये घ्यायचे. थोडक्यात, ताक घुसळून लोणी काढणे. हातमेहनतीचे आणि वेळखाऊ काम, पण देशातल्या रुग्णालयांनी अनेक वर्षे त्यावर निभावले. २००९ साली कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली, वर्षभराहून अधिक काळ बंद राहिली आणि श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांना तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा घरच्या ताकाची आठवण अनेकांना झाली असेल.

गाय झाली, आता वाहक. मेब्रोफेनिन आणि थोडे कथिलाचे क्षार निर्जंतुक कुपीत गोठवून कोरडे करायचे. कथील तेच, कल्हईवाला भांड्याला लावत असे ते. ते नसले तर टेक्निशियम रेणूला धरत नाही. या कुपीत किरणोत्सार काहीच नाही, म्हणून ती शीतकपाटात महिनोन्महिने टिकते. सकाळी दोहलेले टेक्निशियम तिच्यात टोचले, थोडा वेळ थांबले की औषध तयार. अशा कुप्या वाशीच्या ‘ब्रिट’कडून, म्हणजे १९८९ साली स्वतंत्र झालेल्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, देशभर जातात. सरकारी खात्याने काही वेळेवर आणि बेताच्या किमतीत घरपोच द्यावे, हे मी माझ्या नोकरीत फार वेळा पाहिलेले नाही. म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

एवढी यातायात कोणासाठी? हा प्रश्न विचारल्याशिवाय हे सगळे कौतुक पोकळ आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, तरी जिभेवर अजून नगरच) कावीळ हा डॉक्टरचा आजार मानला जात नाही. कावीळ ‘उतरवायची’ असते. कोणी गळ्यात माळ घालतो. ती लांबत गेली की कावीळ उतरली. कोणी हाताला चुना लावून त्यावर पाणी सोडतो आणि खाली पिवळे पाणी पडते. झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो, ही त्यातली मेख. वर उसाचा रस, तो तर आमच्याकडे वाहतोच. या उपायांना यश येते हे नाकारण्यात अर्थ नाही. येतेच, कारण दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. यकृतासारखा सोशिक अवयव दुसरा नाही. त्याच्या जिवावर कितीतरी वैदूंची घरे चालली. नवजात बाळाचेही तसेच. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पिवळे पडणारे मूल बहुधा दोन आठवड्यांत आपसूक निवळते. ‘कोवळ्या उन्हात धर, जाईल’ असे सांगणारी आजी बहुतेक वेळा खरी ठरते.

तिचे खरे ठरणे हेच एखाद्या मुलाच्या मुळावर येते. काही बाळांच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास बुजतात. यकृत पित्त बनवते, पण ते आतड्यात जायला वाट नाही. साचलेल्या पित्ताने यकृतच सुकत जाते. यावर मोरिओ कसाई या जपानी शल्यवैद्याने १९५०च्या दशकात शस्त्रक्रिया शोधली. बुजलेली नलिका काढायची आणि आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या मुखाशी जोडायचा. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा चांगली. जसजसा उशीर, तसतशी आशा कमी.

मेब्रोफेनिनची खरी कसोटी इथे लागते. अडथळा नसून यकृताला नुसती सूज असेल तरी बाळ असेच पिवळे दिसते. तेव्हा पाच दिवस फेनोबार्बिटोन देऊन यकृताला जागे करायचे, मग ट्रेसर टोचायचा आणि कॅमेऱ्याखाली पाहत राहायचे. आतड्यात ठिपका उमटला की वाट उघडी आहे. बाळाचे पोट फाडायची गरज टळली. चोवीस तासांनंतरही आतडे काळेच राहिले तर संशय बळावतो. पक्का होत नाही, कारण फार सुजलेले यकृतही कधीकधी काहीच पुढे सोडत नाही. पक्के होते ते ऑपरेशनच्या टेबलावर. तपासणी ‘नाही’ खात्रीने सांगते आणि ‘हो’ अडखळत. पण तिच्या नाहीवर किती लेकरे सुरीपासून वाचली असतील.

‘अणूचे इंजेक्शन’ म्हटले की आईबाप घाबरतात. मोठ्या माणसाला या तपासणीत जेवढा किरणोत्सार लागतो तो पोटाच्या सीटी स्कॅनपेक्षा सर्वसाधारणपणे कमीच असतो. सीटीच्या रांगेत मात्र कोणी घाबरलेला दिसत नाही.

माझ्या एका जुन्या कर्जदाराच्या नातवाचे हेच झाले. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातले घर. मूल गुटगुटीत, हसरे, फक्त डोळे पिवळे. आजीने ऊन दाखवले, माळ घातली. गावच्या डॉक्टरने टॉनिक दिले. शी पांढुरकी होते, खडूसारखी, हे आईने पाहिले होते आणि सांगितलेही होते. पण सुनेचे ऐकतो कोण? पुण्याला पोहोचले तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचे होते. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले. यकृत दिसले, आतडे दिसले नाही. शस्त्रक्रिया झाली, पित्त वाहिले नाही. पहिला वाढदिवस त्याने पाहिला नाही. आजोबा मला म्हणाले, ‘साहेब, कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर तुमची नोटीस यायची. याची नोटीस कोणीच कशी नाही दिली?’

नोटीस होती. ती लंगोटावर होती. तैवानने ती वाचायची सोपी युक्ती काढली. शीच्या रंगांची चित्रे छापलेले एक कार्ड. कोणते रंग चांगले, कोणते धोक्याचे, हे आईने जुळवून पाहायचे. २००४ पासून तिथे हे देशभर चालते आणि मुले लवकर सापडू लागली. अणुभट्टी नको, गाय नको, कथील नको. रंगीत छपाई हवी. शस्त्रक्रिया हुकली तर यकृत-प्रत्यारोपण उरते. १९९८ साली दिल्लीत भारतातले पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झाले ते याच आजाराच्या, दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलावर. यकृताचा तुकडा वडिलांनी दिला होता आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. पण त्या खर्चाचा आकडा जिरायत शेतकऱ्यापुढे मांडायची माझी छाती नाही.

जगातले अंदाज पाहता साधारण दहा ते वीस हजार जन्मांत असे एक मूल. २०११च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची वस्ती पंचेचाळीस लाखांवर होती. जन्मदर हजारी पंधरा-सोळा धरून मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. वर्षाला तीन ते सात मुले निघाली. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्यात, १९८४ पासून लोणीला वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या जिल्ह्यात, दर वर्षी तीन ते सात. एवढी मुले शोधणे अवघड नाही, कारण माणूस आधीच दारात जातो. नवजात बाळाच्या घरी आशाताईंच्या भेटी ठरलेल्या आहेत. चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन होते, नाळ पाहिली जाते, दूध ओढते का विचारले जाते. याच भेटींत त्यांनी लंगोट दाखवायला सांगावा आणि पिशवीत रंगांचे एक कार्ड ठेवावे. आईने नव्हे, सासूने नव्हे, आशाताईने ‘हा रंग बरोबर नाही’ म्हटले तर घरातला पुरुष उठतो, हा माझा खेड्यातला अनुभव आहे. आणि ज्यांच्या घरी भेट झाली नाही, ती बाळेही सहा आठवड्यांची झाली की लसीसाठी उपकेंद्रात येतातच. तो बेचाळिसावा दिवस. साठाला अठरा उरतात. पाच दिवस फेनोबार्बिटोनचे, तपासणीचे आणि चोवीस तासांच्या फोटोचे दोन, राहिले अकरा. त्यांत रक्ताच्या तपासण्या, खाट, भूल देणाऱ्या डॉक्टरची तारीख, पैशांची जुळवाजुळव आणि डोंगरातून खाली यायची एसटी हे सगळे बसवायचे आहे. चौदाव्या दिवशीच्या भेटीत कळले, तर हाताशी सेहेचाळीस असतात.